‘आपलाच अभ्यास’ करून पोट भरते का?



जून-जुलै आला की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. शाळा सुटल्यावर कोणी गेटवर गाठतो, कोणी थेट घरी येतो. हातात गुणपत्रिका असते आणि प्रश्न एकच असतो : “सर, पुढे काय?” दहावीच्या मुलाबद्दल हा प्रश्न सोपा असतो. बारावीच्या मुलाबद्दल अवघड होतो. आणि बारावीनंतर ‘नीट’ला दोनदा बसून हाती काही न लागलेल्या मुलीबद्दल असेल तर घरात कोणी मोठ्याने बोलतही नाही.

अशाच एका घरी गेल्या महिन्यात लातूरला जाण्याचा योग आला. मूळचे हे कुटुंब नांदेडचे. मुलगी आठवी ते दहावी आमच्याकडे शिकलेली, उर्दू आणि मराठी दोन्हींत हुशार. वडिलांचे गाड्यांच्या स्पेअर पार्टचे दुकान आहे. मुलीला डॉक्टर करायचे म्हणून ते लातूरला खोली करून राहिले. लातूरचे नाव त्यासाठीच आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हटले की मराठवाड्यातल्या प्रत्येक आई-बापाच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज, मेसचा डबा. दुकानातली शिल्लक यातच गेली. आता मुलगी म्हणत होती, तिसऱ्यांदा बसायचे नाही, बीए करायचे. इतिहास आणि उर्दू घेऊन.

वडील आम्हांला म्हणाले, “सर, तुम्हीच समजवा. आर्ट्स लेके क्या करती ये?”

त्याच वेळी अमेरिकेतून मुलीच्या मोठ्या काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची लेक कॅलिफोर्नियात कॉलेजला आहे. तिने कोणता विषय घेतला, असे दादींनी विचारले. काका हसत म्हणाले, “एशियन-अमेरिकन स्टडीज.” म्हणजे आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा अभ्यास. दादी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “इतने दूर जाके अपनाच पढते?” सगळे हसले. आमची विद्यार्थिनी हसली नाही. तिने आम्हांला हळूच विचारले, “सर, आपला अभ्यास आपण केला तर त्यात हसण्यासारखे काय आहे?”

त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन वाचले, विचार केला. या महिन्याचे सदर म्हणजे तेच उत्तर.

तिकडे हा विषय आला कसा?

अमेरिकेत हा विषय सरकारने किंवा प्राध्यापकांनी आपणहून सुरू केला नाही. विद्यार्थ्यांनी मागून घेतला. नोव्हेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला. काळे, मेक्सिकन, चिनी, जपानी, फिलिपिनो वंशाचे विद्यार्थी एकत्र आले. त्यांचे म्हणणे साधे होते : या देशाचा इतिहास शिकवता, त्यात आमचे आजे-पणजे कुठे आहेत? संप मार्च 1969 पर्यंत चालला. शेवटी कॉलेजला या विषयांचे वेगळे विद्यालय काढावे लागले. ‘एशियन-अमेरिकन’ हा शब्दसुद्धा 1968 मध्येच बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी रूढ केला. त्याआधी या लोकांनी स्वतः निवडलेले असे एक नाव नव्हते.

या अभ्यासातून काय निघाले, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण आपल्या जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या हुगळी जिल्ह्यातले मुसलमान फेरीवाले चिकनच्या भरतकामाचे कापड घेऊन अमेरिकेत जात. न्यू जर्सीच्या समुद्रकाठी आणि दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला त्यांनी व्यापार केला. काही तिथेच स्थायिक झाले, काळ्या वस्त्यांत राहिले, तिथल्या बायकांशी निकाह करून संसार थाटले. पुढे बोटींवरचे खलाशीही उतरून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहू लागले. हे लोक कोणाच्याच इतिहासात नव्हते. विवेक बाल्ड नावाच्या अभ्यासकाने जुन्या जनगणनेचे कागद, बोटींच्या याद्या, विवाहनोंदी धुंडाळून 2013 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. नातवंडांना आजोबांचे गाव सापडले.

या इतिहासात मराठी माणसेही आहेत. 1913 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पक्ष उभा राहिला. त्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळ्यांना 1915 मध्ये लाहोरला फाशी झाली. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह याच चळवळीत होते, आणि ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला तो उर्दूत.

दुसरे उदाहरण जपान्यांचे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारासकट उचलून छावण्यांत कोंडले. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. सुटून आल्यावर त्या पिढीने तोंड उघडले नाही. लाज वाटत होती, भीतीही होती. नातवंडे कॉलेजात गेली, त्यांनी विचारायला सुरुवात केली, कागद बाहेर काढले, म्हाताऱ्यांना बोलते केले. अखेर 1988 मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20 हजार डॉलर दिले. अभ्यासाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी आम्हांला हे उदाहरण पुरेसे वाटते.

मग तिकडे नोकरी कसली मिळते?

‘एशियन-अमेरिकन अभ्यासक’ अशी पाटी लावून कोणी दुकान उघडत नाही. हा विषय घेतलेली मुले शिक्षक होतात, वकील होतात, वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांत जातात, पत्रकार होतात, संग्रहालयात लागतात. काही जण सार्वजनिक आरोग्यात जातात, कारण दवाखान्यात आलेल्या व्हिएतनामी म्हातारीशी तिच्या भाषेत, तिच्या रीतीने बोलणारे माणूस लागते. पदवीने माणसांची समज, लिहिण्याची सवय आणि कागद वाचण्याची नजर दिली. नोकरीसाठी बहुतेकांनी तिच्या जोडीला दुसरे कौशल्य घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्याकडे असा विषय आहे का?

आहे. नाव वेगळे आहे. हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे, 1998 साली स्थापन झालेले. तिथे दक्कनच्या अभ्यासाचे केंद्र आहे. बहमनी काळाचे मोठे इतिहासकार हारून खान शेरवानी यांचे नाव त्या केंद्राला दिले आहे. दक्कन म्हणजे दुसरे कोण? आपणच. कंधारचा किल्ला आणि हाजी सय्याह सरवर यांचा दर्गा, औशाचा किल्ला, 1760 ची उदगीरची लढाई, आपल्या घरात बोलली जाणारी ‘हौ’ आणि ‘नक्को’वाली दखनी, सगळे त्यात येते. नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने तिकडे जाता येते.

इतके लांब जायचे नसेल तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी स्थापन झालेले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांत इतिहास, मराठी, उर्दू, समाजशास्त्र हे विषय आपल्या गावातच मिळतात. ‘दक्कन अभ्यास’ अशी वेगळी पदवी नसली तरी तेच ज्ञान या चार विषयांत विखुरलेले आहे. गोळा करणारा विद्यार्थी पाहिजे.

आणि ज्यांनी गोळा केले, त्यांचे काय झाले ते पाहा. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला 1910 साली सेतुमाधवराव पगडी जन्मले. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी केली. उर्दू-फारसीवर हुकूमत मिळवली, गोंडी आणि कोलामीही शिकले. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी मराठीत आणला आणि सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिले. 1992 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निलंग्याच्या हिंदू घरातला मुलगा फारसीमुळे मोठा झाला.

दुसरीकडे डॉ. यू. म. पठाण. मुसलमान घरातले, पण आयुष्य मराठी संतसाहित्याला दिले. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले, 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2007 मध्ये पद्मश्री. त्याच 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्या मुलांना ही नावे माहीत नाहीत, यात मुलांचा दोष नाही. आम्ही शिक्षक आहोत, थोडा आमचाच आहे.

न बोललेली गोष्ट

जपानी म्हाताऱ्यांचे वाचताना आम्हांला आमच्या घरातले म्हातारे आठवले. 1948 विषयी ते बोलत नसत. “पोलीस ॲक्शन” एवढाच शब्द येई आणि विषय बदले. मराठवाड्यातल्या किती तरी मुस्लिम घरांत हेच असेल.

या इतिहासाच्या दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करत होता, आणि रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला तो खरा आहे. पण हेही खरे की भारतात सामील व्हा असे लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनीच ठार मारले. आणि हेही खरे की सप्टेंबरच्या कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले होते, आणि त्यांचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आपल्या मुलांना यातले काहीच माहीत नसते. मग कोणी चौकात एक वाक्य फेकले की ती एक तर गप्प बसतात, नाही तर भांडतात. शिकलेले मूल तिसरे काही करू शकते : शांतपणे पूर्ण गोष्ट सांगू शकते. जुने वैर उकरायला हा अभ्यास नको. शेजाऱ्याशी खरे बोलता यावे म्हणून तो पाहिजे.

आता पोटाचे

इथपर्यंत वाचून दुकानवाले अब्बा म्हणतील, “सर, बाते अच्छे हैं, मगर घर कैसा चलता?” प्रश्न रास्त आहे. उत्तर प्रामाणिकपणे देतो.

एक, नुसत्या बीएवर नोकरी मिळत नाही. हे आधीच समजून घ्या.

दोन, शिक्षकी. बीएनंतर बीएड आणि टीईटी. महाविद्यालयासाठी एमए आणि सेट किंवा नेट. आम्ही स्वतः याच वाटेने आलो. भरती रखडते, वर्षे जातात, हे लपवणार नाही. म्हणून ही एकच वाट धरू नये.

तीन, जुने कागद. मराठवाड्याचा जुना महसुली कारभार उर्दूत आणि मोडीत होता. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांत निजामकाळातले दस्त बाहेर आले आणि ते वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठा समाजाच्या दाखल्यासाठी उर्दू वाचणारा माणूस लागला! वक्फच्या जमिनींचे मुन्तखब, इनामी जमिनींचे वाद, वारसाहक्काचे दावे, यांतही तेच कागद आहेत. उर्दू आणि मोडी दोन्ही वाचता येणारे तरुण आज बोटांवर मोजण्याइतके असतील. मोडीचे छोटे वर्ग राज्याचे पुराभिलेख संचालनालयही घेते. ज्याने बीएनंतर तीन वर्षांची एलएलबी केली आणि हे कागद वाचायला शिकला, त्याच्या टेबलावर काम कमी पडणार नाही.

चार, स्पर्धा परीक्षा. यूपीएससीला मराठी साहित्य आणि उर्दू साहित्य, दोन्ही वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात. जालना जिल्ह्यातल्या शेळगावचे अन्सार शेख राज्यशास्त्राचे बीए. वडील रिक्षा चालवत. 2015 च्या परीक्षेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, 361 वा क्रमांक मिळवून ते आयएएस झाले. मात्र लाखो बसतात आणि थोडे निवडले जातात, म्हणून दुसरा मार्ग हाताशी ठेवूनच या परीक्षेत उतरावे.

पाच, भाषांतर आणि वार्ता. न्यायालये, आकाशवाणी, वृत्तपत्रे, प्रकाशने यांना मराठी-उर्दू-इंग्रजी तिन्ही स्वच्छ लिहिणारे लागतात. ‘येते’ म्हणणारे पुष्कळ, ‘चूक न करता लिहिते’ असे थोडे.

सहा, संशोधन. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. अल्पसंख्याकांसाठीच्या ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. दुसरीकडे, पीएचडी करणाऱ्यांना आधार असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने बंद केली, हेही लक्षात ठेवा. पैशाचा हिशोब आधी करावा.

सात, समाजकार्य. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. आपल्या भागातच राहून हे शिक्षण होते.

पालकांना आणि मुलांना

पालकांना आम्ही एवढेच सांगू : ज्याला विज्ञानाची गोडी आहे त्याला जरूर डॉक्टर करा, आपल्याला डॉक्टर हवेतच. पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बसवण्याआधी मुलाला एकदा समोर बसवून विचारा. रागाने विचारू नका, नाही तर तुम्हांला आवडेल तेच उत्तर मिळेल. इल्म हासिल करणे हे आपल्यावर फर्ज आहे असे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. मग इल्मच्या एका शाखेला मान आणि दुसरीला हसू, असे का?

मुलांना सांगतो : आर्ट्स घेतले म्हणजे सुटलो, असे समजू नका. ‘नीट’साठी पहाटे उठत होता ना, तसेच उठा. पहिल्या वर्षी इंग्रजी नीट करा. दुसऱ्या वर्षी मोडी शिका, संगणकावर उर्दू-मराठी टाइप करायला शिका. दर सुट्टीत घरातल्या एका वडीलधाऱ्यांची कहाणी लिहून काढा, फोनवर आवाज नोंदवा. आपले म्हातारे थोडेच दिवस आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा लातूरला त्या घरी गेलो. हे सगळे त्यांच्यासमोर मांडले. अब्बा ऐकत होते, काही बोलले नाहीत. मग उठून आत गेले आणि लोखंडी पेटीतून कापडात गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. घराच्या जागेचा जुना दस्त. शिकस्ता लिपीत, घाईघाईने लिहिलेला. म्हणाले, “बावीस साल से रखा है सर. एका वकिलाला दाखवला, त्याला वाचता आला नाही.” कागद त्यांनी आमच्या हातात न देता लेकीच्या हातात दिला.

तिला अर्धाच लागला. दोन ओळी आम्ही मिळून लावल्या, काही शब्द आम्हांलाही उलगडले नाहीत. तारीख होती : खुरदाद 1341 फसली. आम्ही तिला रीत सांगितली, फसली सालात 590 मिळवायचे, आणि निजामाचे हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई हे ध्यानात ठेवायचे. तिने हिशोब केला. “म्हणजे एप्रिल 1932 च्या सुमारास,” ती म्हणाली. मग खालची सही तिने अक्षर अक्षर लावून वाचली. अब्बांच्या आजोबांचे नाव होते.

दादींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

बीएचा अर्ज भरला की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही. अब्बांनी जाताना एवढेच विचारले, “सर, ते मोडीचे वर्ग कुठे भरतात?”

अल्लाह हाफिज.